ब्लॉक करण्याआधी निरोप

“इनबॉक्स म्हणजे काय बाप्पा, गोदामच होय एक. झाडू घेतला का झालं. उद्या जेवायच्या आधी चकाचक करून देतो, पाहा तुम्ही.”

दारव्ह्याच्या बस स्टँडसमोर ‘अपेक्षा कृषी केंद्र’ आहे. तिथल्या गल्ल्यावर बसून मारोतरावांनी चार गिऱ्हाइकांच्या देखत ही घोषणा केली. त्यांच्या खऱ्या गोदामात मागच्या हंगामाची रिकामी खोकी अजून छताला टेकलेली होती. त्यामुळे त्यांच्या पत्नी कोकिळाबाईंनी एकदा वर पाहिलं आणि पुन्हा बियाण्याच्या पिशव्या रचायला घेतल्या. बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये फवारणीचे पंप दुरुस्त करणारे गफ्फारभाई मात्र मोठ्यानं हसले. जुने दोस्त असल्यामुळे त्यांना तेवढी मुभा होती.

झाडू हाती घ्यायला कारणही तसंच होतं. फवारणीचे पंप बनवणारी नाशिकची एक कंपनी, हिरवाधारा तिचं नाव, दारव्हा तालुक्यासाठी एकच डीलर नेमणार होती. मारोतरावांची ही फार वर्षांची हौस. आजवर त्यांनी जे पंप विकले ते यवतमाळच्या मोठ्या व्यापाऱ्याकडून आणून विकले, म्हणजे नाव त्याचं आणि धावपळ यांची. एकदा तरी आपल्या दुकानाला ‘अधिकृत विक्रेते’ म्हणावं, इतकंच त्यांचं मागणं होतं. पण रस्त्यापलीकडच्या देवीलालनंही त्याच डीलरशिपसाठी अर्ज केला होता, आणि देवीलाल हा सकाळी दुकान उघडायच्या आधी समोरचं दुकान उघडलं का ते बघणारा माणूस होता.

कंपनीचं पहिलं पत्र ईमेलवर आलं. अर्ज पोचला, आमचा माणूस पाहणीला कधी येणार ते ईमेलनंच कळवू, तुम्ही लगेच उत्तर द्या, उत्तर न देणाऱ्याचा विचार होणार नाही. हे पत्र मारोतरावांना दिसलं ते निव्वळ नशिबानं. टक्कल घालवणारं तेल आणि विनातारण कर्ज यांच्या मधोमध ते अंग चोरून बसलं होतं. मारोतरावांनी त्याला ताबडतोब तारा लावला, म्हणजे ते वेगळं ओळखू येईल. पुढचं पत्र असंच गर्दीत चिरडलं तर काय, या विचारानं त्यांना घाम फुटला, आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या मे महिन्यात आणखी घाम फुटायला जागाच नसते.

अमरावतीला शिकणाऱ्या लेकीला, अपेक्षाला, त्यांनी फोन लावला.

“बाबा, मेल उघडला का कोपऱ्यात तीन टिंबं दिसतात. ते दाबायचे. मंग ब्लॉक. झालं.”

“अन् समोरच्याले कसं समजते?”

“नाही समजत.”

“नाही समजत म्हणजे?”

“म्हणजे तो पाठवत राहते, अन् आपल्याले दिसत नाही.”

मारोतरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “तो बिचारा तिकडं लिहून राह्यला, अन् आपण इकडं कडी लावून गुपचूप बसलो. हे काही बरं नाही वाटत बेटा.”

“बाबा, तो बिचारा नसते. मशीन असते ते.”

“मशीनमांगं कोणी तं बसलं असन.”

अपेक्षाला क्लासला उशीर होत होता. तिनं फोन ठेवला. पुढे जे काही झालं त्याला तिचा तो क्लास जबाबदार आहे, असं कोकिळाबाई आजही म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, टिंब दाबायला एवढं काय लागतं? तुम्हाला नाही लागत. मारोतरावांना लागतं. नको असलेल्या कंपनीचा एजंट दुकानात आला तर ते आधी चहा सांगतात, मग त्याच्या आईवडिलांची तब्येत विचारतात आणि शेवटी ‘नको’ म्हणताना स्वतःच ओशाळतात. पाहुणा निघाला की त्याला एसटीत बसवून देतात, एसटी हलेपर्यंत खिडकीखाली उभे राहतात, आणि एसटीला उशीर झाला तर पाहुणाच हात जोडून ‘जा हो आता घरी’ म्हणतो. असा माणूस कोणाच्या तोंडावर न बोलता दार लावणार, हे होणारच नव्हतं.

म्हणून त्यांनी स्वतःची एक रीत काढली. आधी प्रत्येकाला निरोपाचं पत्र द्यायचं. सगळ्यांना पत्रं पोचली, की मग सगळी दारं एकदम लावायची. रविवारी दुकान अर्धं उघडं ठेवून ते कूलरसमोर बसले आणि एका बोटानं पुढचा मजकूर तयार केला:

‘स. न. वि. वि. आपले पत्र पोचले. आपण आठवणीने लिहिले याबद्दल आभारी आहे. सध्या आम्हास आपल्या मालाची गरज नाही, तरी यापुढे लिहिण्याची तसदी घेऊ नये. आपणास ब्लॉक करीत आहे, राग मानू नये. कधी दारव्ह्याकडे येणे झाल्यास बस स्टँडसमोर आपलेच दुकान आहे, चहाला अवश्य यावे. घरी सर्वांना नमस्कार. आपला, मारोतराव.’

खाली फोन नंबर दिला. पत्राखाली नंबर न देणं म्हणजे तोंड लपवणं, असं त्यांचं मत.

गफ्फारभाईंनी पंपाचा नोझल तोंडाशी धरून फुंकर मारली आणि मोबाईलवरचा मजकूर वाचला. “मारोतभाऊ, हा ब्लॉक हाये का आवतन हाये?”

“ब्लॉकच हाये. रीतीनं हाये इतकंच.”

एकच मजकूर पुन्हा पुन्हा चिकटवता येतो, हे गफ्फारभाईंनीच त्यांना दाखवलं, आणि नंतर त्याबद्दल फार पस्तावले. मारोतरावांच्या हाताला वेग आला. तेलवाले, कर्जवाले, विमेवाले, इंग्रजी शिकवणारे, वजन उतरवणारे, दुबईत जमीन देणारे, सगळ्यांना नमस्कार गेले. सुरुवातीला ते प्रत्येक नाव वाचत होते. नंतर ते कंटाळले. उघडायचं, चिकटवायचं, पाठवायचं. दिवेलागणीला कोकिळाबाईंनी बळजबरीनं मोबाईल काढून घेतला, तेव्हा मारोतरावांच्या बोटाला घट्टा पडायचाच बाकी होता आणि चेहऱ्यावर गावजेवण घातल्याचं समाधान होतं.

सोमवारी पहिला फोन अपेक्षाचा आला.

“बाबा, तुमचा मेल आला मले. सध्या आम्हास आपल्या मालाची गरज नाही म्हणून.”

मारोतराव गल्ल्यावर ताठ झाले. “तुले कसा गेला तो?”

“मी मागं कॉलेजचा फॉर्म पाठवलता, त्याले उत्तर होय हे. घरी सर्वांना नमस्कार म्हणता. माझ्या घरी तुम्हीच हायत ना.”

ती हसत होती म्हणून बरं. ढाणकीचा मेहुणा, म्हणजे कोकिळाबाईंचा धाकटा भाऊ, हसत नव्हता. त्यानं दिवाळीत वास्तुशांतीची पत्रिका मेलवर पाठवली होती. तिला आता उत्तर गेलं होतं. “दाजी, माझं चुकलं असन तं तोंडावर सांगा. ब्लॉक करून राह्यलो, राग मानू नको, असं कोणी लिहिते काय?” त्याची समजूत घालायला कोकिळाबाईंना अर्धी दुपार लागली. वीज मंडळ, बँक आणि जिल्ह्याचं कृषी कार्यालय यांनाही आपल्या मालाची गरज नसल्याचं कळवून झालं होतं.

फोन ठेवल्यावर कोकिळाबाईंनी सरळ मुद्द्याला हात घातला. “कंपनीले तं नाही ना पाठवलं?”

मारोतरावांनी घाईनं मोबाईल उघडला. गफ्फारभाई पाना हातात घेऊन शेडमधून उठून आले. तिघांनी मिळून मोबाईलमध्ये डोकं घातलं. नाही. तारा लावलेलं पत्र जसंच्या तसं होतं. त्याला मारोतरावांनी आधीच आपल्या शब्दांत वेगळं उत्तर दिलं होतं. तिघांनीही श्वास सोडला, आणि मारोतराव लगेच म्हणाले, “मी काय येडा हावो?” कोकिळाबाई चहा टाकायला आत गेल्या.

आता दारं लावायची वेळ झाली होती. पण मारोतरावांनी इनबॉक्स उघडला तर काय, त्यांच्या निरोपाला उत्तरं आलेली.

“पाहा गफ्फारभाई. ‘प्रिय मारोतराव, आमच्यात रस दाखवल्याबद्दल धन्यवाद.’ नावानं लिहिलं बाप्पा. तुम्ही म्हणत होते कोणी वाचत नाही.”

“दार उघडलं तुम्ही. आता नाव बी विचारन अन् गाव बी.”

“मंग आता ब्लॉक कसं करू? बोलणं चालू असताना मधूनच उठून जाता येते काय?”

म्हणून त्यांनी उत्तराला उत्तर दिलं. त्या उत्तराला उत्तर आलं. कर्जवाल्यांनी त्यांना ‘मानाचे ग्राहक’ म्हटलं, तेव्हा त्यांनी ‘आपण मोठे मनाचे आहात’ असं कळवलं. वजन उतरवणाऱ्यांनी वजन विचारलं, ते त्यांनी सांगितलं. न सांगणं बरं दिसलं नसतं. अपेक्षानं फोनवर समजावून पाहिलं. “बाबा, उत्तर दिलं का त्यांना समजते का इथं खरा माणूस हाये. मंग ते तुमचा पत्ता आणखी धा जणाले देतात.” मारोतराव म्हणाले, “म्हणजे ओळख वाढली.” अपेक्षानं पुन्हा क्लासचं कारण सांगून फोन ठेवला.

इनबॉक्स आधी गच्च होता, आता ओसंडून वाहायला लागला, आणि कोणाला काय उत्तर दिलं हे मारोतरावांनाही सांगता आलं नसतं. एकालाही ब्लॉक केलेलं नव्हतं. या सगळ्या गडबडीत मारोतराव एक काम मात्र चुकवत नसत. रोज सकाळी देवाला उदबत्ती दाखवून झाली की हिरवाधाराच्या कार्यालयाला एक मेल: ‘सुप्रभात. आपल्या पत्राची वाट पाहत आहे. घाई नाही. आपण सर्व सुखरूप असालच.’ कंपनीचं उत्तर मात्र दिसत नव्हतं. साऱ्या जगानं त्यांना पत्रं लिहिली, फक्त जिच्या पत्रासाठी जीव टांगला होता, तिचं तेवढं दिसेना.

आणि मग माणसं यायला लागली.

‘कधी दारव्ह्याकडे येणे झाल्यास चहाला अवश्य यावे’, हे मारोतरावांनी मनापासून लिहिलं होतं, आणि समोरच्यांनी ते तितक्याच मनापासून वाचलं होतं. पहिला आला दिग्रसचा भीमराज, टक्कल घालवणाऱ्या तेलाचा एजंट. पाठीवर खोकं, हातात बाटली आणि स्वतःच्या डोक्यावर औषधाला केस नाही. “मी बी आत्ताच लावणं सुरू केलं,” तो म्हणाला. मारोतरावांनी त्याला चहा दिला. दुसऱ्या दिवशी यवतमाळहून कर्जवाला आला, मे महिन्यात टाय बांधून. त्याची कीव येऊन मारोतरावांनी त्याला कूलरसमोर बसवलं, आणि तो संध्याकाळपर्यंत उठला नाही. मग पुसदहून बसंतीबाई आल्या. त्यांचं लग्न जुळवण्याचं केंद्र होतं आणि काखेत मुलांच्या फोटोंचा जाडजूड अल्बम.

“बाई, आम्ही तं गरज नाही म्हणून लिहिलतं,” मारोतराव म्हणाले.

“सध्या नाही म्हणून लिहिलतं तुम्ही,” बसंतीबाई अल्बम उघडत म्हणाल्या. “सध्या म्हणजे पुढं हायेच. मी थांबतो ना. मले काय घाई हाये?”

मारोतरावांच्या पत्रातला तो एक शब्द म्हणजे कुंपणाला पडलेली फट होती. सगळी गुरं तिथूनच शेतात शिरली.

तिघंही पुन्हा पुन्हा यायला लागले. चहा चांगला, कूलर नवा आणि मालक बोलका; आणखी काय पाहिजे? दुकानातल्या लाकडी बाकावर ते ओळीनं बसत. खरं गिऱ्हाईक आलं तर त्याला उभं राहावं लागे, आणि उभं राहिल्या राहिल्या त्याला कर्ज, तेल आणि स्थळ अशी तिन्ही विचारणा होई. गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून देवीलालकडे जायला लागली. कोकिळाबाई चहाचं आधण ठेवता ठेवता नवऱ्याकडे अशा बघत, की दुसरा कोणी असता तर त्यानं आपणहून गाव सोडलं असतं.

“अवो, मोबाईलमधली घाण मोबाईलमधी तं होती. तुम्ही तिले बाकावर आणून बसवली.”

“बसली बिचारी दोन घडी. जातीन.”

“कायले जातीन? साखर संपली तं जातीन.”

देवीलाल हे सगळं समोरून बघत होता. त्याला काही इनबॉक्स दिसत नव्हता. त्याला दिसत होती ती पिशव्या घेऊन येणारी, टाय बांधलेली, दिवसदिवस मारोतरावांच्या दुकानात बसणारी माणसं. ही कंपनीचीच माणसं, अशी त्याची खात्री झाली, आणि त्याची झोप उडाली. एके सकाळी त्यानं रस्त्यातच भीमराजला गाठलं आणि हाताला धरून आपल्या दुकानात नेलं.

गफ्फारभाई रस्ता ओलांडून धावतच आले. “मारोतभाऊ, देवीलाल तुमच्या तेलवाल्याले जिलेबी चारून राह्यला.”

“काहून?”

“मी तिथंच उभा राहून आयकलं. त्यानं विचारलं, तालुक्याची डीलरशिप द्याची हाये काय. तेलवाला म्हणे, आत्ताच्या आत्ता देतो. देवीलालनं सही बी ठोकली. कोण्या कंपनीची, ते त्यानं विचारलंच नाही. विचारलं तं आपल्याले मायती नाही असं दिसन ना.”

दुपारी देवीलालच्या दुकानात तेलाची खोकी उतरली. देवीलाल छाती काढून उभा राहिला. खोकं उघडायचा धीर त्याला संध्याकाळी झाला.

एरवी मारोतरावांना हसू आलं असतं. पण त्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. देवीलाल फसला हे खरं, पण आपलं काय? हंगाम तोंडावर आला होता. पाऊस लागून कपाशी, सोयाबीन वर आलं की फवारणी सुरू, आणि कंपनीचा एक शब्द नाही. रात्री ते कोकिळाबाईंना म्हणाले, “माझ्या लिहिण्यात काही कमी पडलं काय?” हे त्यांनी इतक्या साधेपणानं विचारलं की कोकिळाबाईंना पहिल्यांदाच त्यांचा राग न येता वाईट वाटलं.

सकाळी कोकिळाबाईंनी जे केलं ते कोणाला सुचलंच नव्हतं. दुकानात हिरवाधाराचा एक जुना पंप होता. त्याच्या खोक्यावर छापलेला नंबर बघून त्यांनी फोन लावला.

“आमच्या दुकानाचं काय झालं ते सांगा.”

पलीकडच्या मुलीनं नाव विचारलं, काही तरी शोधलं आणि म्हणाली, “मॅडम, आम्ही त्यांना तारीख कळवली होती. त्यांच्याकडून उत्तरच आलं नाही.”

“आमचे हे उत्तर देत नाही?” कोकिळाबाईंचा आवाज चढला. “पोरी, हा माणूस चुकीचा नंबर लागला तरी तब्येत विचारते. उत्तर देणं सोडून दुसरं काही येत नाही त्याले.”

मुलगी गडबडली. आमचे शाम सर मंगळवारी दारव्ह्याला देवीलाल यांच्याकडे येणारच आहेत, तुमच्याकडेही डोकावतील, इतकं तिनं कबूल केलं.

मंगळवारी मारोतराव पहाटेपासून इस्त्रीच्या सदऱ्यात होते. कंपनीचा साहेब म्हणजे गाडीतून येणार, या हिशेबानं ते उन्हात रस्त्यावर जाऊन उभे राहिले आणि येणारी प्रत्येक चारचाकी वाकून बघायला लागले. तेवढ्यात वडापच्या जीपमधून एक घामाघूम तरुण उतरला. पाठीला पिशवी, अंगावर धूळ. तो आधी देवीलालच्या दुकानात गेला, थोड्या वेळानं बुचकळ्यात पडल्यासारखा बाहेर आला आणि मारोतरावांसमोर येऊन उभा राहिला.

“नमस्कार, मी जरा भेटायला...”

“या बाप्पा, या,” मारोतराव रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. आणखी एक पत्रमित्र आला, असंच त्यांना वाटलं. “आत बाकावर बसा. थोडं सरकून घ्या म्हणा त्यांना. चहा येऊन राह्यला. मी जरा साहेबाची वाट पाहून राह्यलो.”

तरुण आत गेला. बाकावर भीमराज आणि बसंतीबाई यांच्यामध्ये टीचभर जागा होती, तिथे त्याला दाबून बसवण्यात आलं. तो काही बोलायला तोंड उघडणार, तोच बसंतीबाईंनी विचारलं, “लग्न झालं काय?” तो नाही म्हणाला. ही त्याची पहिली चूक. बसंतीबाईंनी मुलींचा वेगळा अल्बम बाहेर काढला. कर्जवाल्यानं टाय सरळ केला आणि लग्नासाठी कर्ज कसं मिळतं ते सांगायला घेतलं. भीमराज त्याच्या डोक्याकडे बघून हळहळला. “इथून विरळ होऊन राह्यले,” तो म्हणाला, आणि विचारायच्या आधीच त्यानं बाटलीचं झाकण काढलं.

बाहेर गफ्फारभाई मारोतरावांच्या शेजारी येऊन उभे राहिले. “कोणाची वाट पाहून राह्यले?”

“कंपनीच्या साहेबाची.”

“तो तं आत बसला हाये. पिशवीवर एवढं मोठं हिरवाधारा लिहिलं हाये. भीमराज त्याच्या डोक्याले तेल चोपडून राह्यला.”

मारोतराव आत धावले, पण दारातच थबकले. साहेबाला तर सोडवायचं होतं, पण बाकीच्यांना उठा कसं म्हणायचं? हात जोडून ते नुसतेच एकेकाकडे बघायला लागले. शाम दोन्ही बाजूंनी दाबला गेला होता, त्याच्या कपाळावरून तेल नाकाकडे निघालं होतं, आणि मांडीवर कोणा तरी केळापूरच्या मुलीचा फोटो होता. मारोतरावांना आपली इतक्या वर्षांची हौस त्या तेलाबरोबर ओघळून जाताना दिसली.

तेवढ्यात दुकानासमोर खताचा ट्रक लागला. कोकिळाबाई आतून पदर खोचून बाहेर आल्या. त्यांनी बाकाकडे पाहिलं, ट्रककडे पाहिलं, आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, “आज कोणी जेवल्याबिगर जाचं नाही. वांग्याची भाजी टाकली मी. फक्त हमाल आले नाहीत आज, तं आधी हा ट्रक उतरवून घ्या सगळे मिळून. पोते काही जास्त जड नाहीत.”

कर्जवाल्याला यवतमाळचं एक अर्जंट काम आठवलं. बसंतीबाईंची गाडी चुकत होती. भीमराज बाटलीचं झाकण तिथेच टाकून गेला. बाकावर फक्त शाम उरला, आणि तोही बाह्या वर सारत उठत होता.

“तुम्ही बसा,” कोकिळाबाई म्हणाल्या. “टॉवेल आणतो.”

शामनं टॉवेलनं डोकं पुसलं. मग त्यानं सगळं सांगितलं. देवीलाल त्याला म्हणाला होता की मला आता कोण्याच कंपनीची डीलरशिप नको, आहे तीच पुरे, आणि जाताना त्याच्या हातात तेलाच्या दोन बाटल्या बळंच दिल्या होत्या. मारोतरावांचं प्रकरण वेगळं होतं. त्यांनी एकच मजकूर इतक्या जणांना पाठवला, की मेलच्या यंत्रणेनं त्यांनाच नको असलेल्या जाहिराती पाठवणाऱ्यांत टाकलं. तेव्हापासून त्यांचा प्रत्येक मेल कंपनीच्या कचऱ्याच्या खणात पडत होता. तारखेच्या पत्राला मारोतरावांनी गर्दीत नाव न वाचताच दिलेलं आभाराचं उत्तरही तिथेच पडलं.

“एकदा आमच्या मोठ्या साहेबांनी तो खण उघडून पाहिला,” शाम म्हणाला. “तर आत नुसते तुमचेच सुप्रभात. रोज एक. त्यांना वाटलं, ही काही तरी नवी फसवणूक आहे. त्यांनी तुम्हाला ब्लॉक केलं.”

मारोतराव बाकावर बसले. इतके दिवस ज्या लोकांना ते निरोप देत होते, त्यांच्यातच आपली गणना झाली, हे त्यांच्या डोक्यात उतरायला वेळ लागला. गफ्फारभाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. हसू येत होतं तरी हसले नाहीत.

“म्हणजे गेली डीलरशिप,” मारोतराव म्हणाले.

“असं कुठं म्हटलं मी?” शाम कोकिळाबाईंकडे वळला. “काकू, दुकान चांगलं आहे, जागा मोक्याची आहे. मी तुमच्या नावानं शिफारस करतो. अर्ज तुमचा, फोन तुमचा. फक्त एक अट मला वर लिहून द्यावी लागेल. कंपनीशी पत्रव्यवहार तुम्हीच करायचा. काकांनी मोबाईलला हात लावायचा नाही.”

“हात काय, बोट नाही लावू देत,” कोकिळाबाई म्हणाल्या, आणि तिथल्या तिथे ट्रकवाल्याकडे पोती कुठे लावायची ते सांगायला गेल्या. त्यांच्या चालण्यात आनंद इतका उघड दिसत होता, की मारोतरावांनाही बरं वाटलं. हौस पुरी झाली होती, फक्त ती दुसऱ्याच्या नावावर झाली होती.

तरी एक सल राहिली होती. शाम पिशवी उचलायला लागला, तेव्हा त्यांना राहवलं नाही.

“साहेब, एक विचारतो, राग नका मानू. ब्लॉक केलं ते केलं, तुमचा अधिकार हाये. पण एका शब्दानं कळवा तं लागत होतं ना मले.”

शाम ओशाळला. “काका, मी तेच म्हणालो होतो. पत्रसुद्धा लिहून तयार होतं. साहेबच म्हणाले, पाठवू नका. कळवलं, तर त्यांचं उत्तर येईल.”